आजचं चिंतन: छायाकल्प ग्रहण

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात, चंद्रातलं तेज माझंच आहे. त्यावर सावली पडते ती आपल्याच पृथ्वीची.

5 मे 2023, वैशाख पौर्णिमा. आपल्या विट्यातूनही दिसणारं छायाकल्प चंद्रग्रहण. चंद्र फक्त विरळ छायेतून गेला, किंचित मंदावला. अशा ग्रहणाचे वेध पाळत नाहीत.

पण ग्रहणं साधारण 18 वर्षं 11 दिवसांनी फिरून येतात. याच मालिकेतलं 24 एप्रिल 2005 चं ग्रहणही छायाकल्पच होतं. 16 मे 2041 ला मात्र चंद्राची कड गडद छायेत जाईल.

मनातली बारीकशी अढी अशीच. कोडमधल्या वॉर्निंगसारखी, प्रोग्रॅम चालतोय म्हणून आपण सोडून देतो. ती फिरून येते, थोडी गडद होऊन. आज नाम घेताना तिच्याकडे बघूया.

राम कृष्ण हरी.