हाताचे दान, हाताचे दाम

दिवाळी सरते, अंगणातला किल्ला मोडला जातो, आणि महिनाभरातच आगमनकाळाचा पहिला रविवार येऊन ठेपतो. कोल्हापुरातील आपल्या काही घरांतून त्या सुमारास मुलांच्या हाती पुन्हा माती येते. किल्ल्याची उरलेली माती, पोत्याचा तुकडा, चार विटा हे सारे आता गोठ्याच्या कामी लागते. किल्ल्यावरचा एखादा मावळा खांद्यावर चिंधीची घोंगडी घेऊन मेंढपाळ होतो आणि बेथलेहेमच्या वाटेला लागतो. बेंदराला कुंभाराकडून आणलेला मातीचा बैल एक शिंग मोडलेले असूनही बाळ येशूजवळ मानाने बसतो. नवरात्रात शेजारच्या घरी घटाभोवती उगवलेले धान्य पाहिलेली मुले तसेच ताटलीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत मेंढरांना हिरवे कुरण मिळते.

ही प्रथा जुनी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगरगावी गवताने भरलेली गव्हाण, जिवंत बैल व गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गव्हाणीविषयीच्या आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि ही चाल कुटुंबांतून टिकून राहावी, अशी इच्छा व्यक्त केली.

परंतु आज बाजारात तयार गोठा मिळतो. तो सुबक असतो, फार महागही नसतो, आणि खोक्यात जपून ठेवला तर दरवर्षी मांडता येतो. मग मुलांनी चार संध्याकाळी चिखलात हात घालून एक ओबडधोबड गोठा का उभारावा? ही केवळ हौस आहे, की तिला काही नैतिक मोलही आहे?

हाताने केलेले तेवढे पवित्र आणि विकत घेतलेले हिणकस, असे सोपे उत्तर द्यावयास आम्ही तयार नाही. शिरोलीच्या वा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या बापाने तयार गोठा आणला, म्हणून त्याच्या घरचा नाताळ उणा ठरत नाही. मोल वस्तूत नसून ती करताना दिलेल्या वेळेत आहे, आणि वेळ म्हणजे माणसाच्या आयुष्याचाच एक तुकडा. बाप आणि मुलगी चांदणीच्या कामट्या बांधायला बसतात. गाठ सुटते, पुन्हा बांधावी लागते, पतंगी कागद फाटतो. आणि त्या रेंगाळलेल्या तासात एरवी मनात दडून राहिलेली शाळेतली एखादी सल मुलीच्या तोंडून हळूच बाहेर पडते. चांदणी वाकडी झाली तरी तो तास वाया गेला असे कोण म्हणेल?

मात्र हे एकदा मान्य केले, की दोन अडचणीचे प्रश्न आपल्यापुढे उभे राहतात.

पहिला प्रश्न घरातलाच. सणाला जो वेळ लागतो, तो कुणाच्या आयुष्यातून जातो? करंज्या म्हणा वा नेवऱ्या, कुलकुल म्हणा वा दोदोल, ह्या साऱ्यांसाठी अनेक घरांतून एकच बाई चुलीपुढे उभी असते. बाकीचे आल्यागेल्यांना डबा उघडून दाखवतात आणि घरच्या चवीला तोड नाही म्हणून सांगतात. आमच्याही घरी वर्षानुवर्षे हेच चालले, हे कबूल केले पाहिजे. मध्यरात्रीच्या मिस्सेला त्या माउलीचे डोळे मिटू लागतात आणि शेजारी बसलेले आपण ती ध्यानमग्न झाली असे समजतो! दान स्वखुशीचे असते. जे गृहीत धरले जाते ती वेठ. परंपरा जपावयाची असेल तर ती सर्वांच्या हातांनी जपली पाहिजे. कुलकुल वळायला बापाची आणि मुलग्यांची बोटे चालतात. ती जाड वळली गेली तरी बिघडत नाही.

दुसरा प्रश्न उंबरठ्याबाहेरचा, आणि तो अधिक बोचरा आहे. आपली हौस ही दुसऱ्या कुणाची भाकरी असते. आपल्या शहरातील चप्पल लाईनमध्ये टांगलेली कोल्हापुरी चप्पल पाहा. कातडे कमावणे, तळ कापणे, वेणी घालणे, वादीने शिवणे अशी कितीतरी कामे तिच्यामागे असतात आणि त्यांतली कित्येक कामे घरोघरच्या स्त्रिया करतात. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या ह्या कलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीतील एका बड्या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नावही न घेता मिरवल्या, तेव्हा आपण सारे संतापलो, आणि तो संताप रास्त होता. पण तेच आपण चप्पल घेताना पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. नाव न घेता कारागिराची कला घेणे हा अन्याय असेल, तर नाव घेऊन त्याचे दाम पाडणे हा कोणता न्याय?

भाव करणे हा बाजाराचा रिवाजच आहे, दुकानदारही तो गृहीत धरून किंमत सांगतो, असे कुणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु काचेच्या दुकानात चिठ्ठीवर छापलेली किंमत आपण निमूटपणे देतो आणि हातकामापुढेच आपली जीभ सैल सुटते, हेही खोटे नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ ह्या परिपत्रकात सांगितले, की केवळ दोघांची संमती झाली एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. कामकऱ्याचा साधा चरितार्थ तिच्यावर चालला पाहिजे. दिवस मावळताना गरजेपोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे. आपला प्रभू गावात सुतार म्हणून ओळखला जात होता, आणि संत पौल तंबू शिवून पोट भरीत असे. नासरेथमध्येही कुणीतरी दाराच्या फळीसाठी योसेफाशी घासाघीस केलीच असेल. ते गिऱ्हाईक आपण होऊ नये.

तेव्हा घरात हाताचे दान सर्वांनी मिळून द्यावे आणि बाजारात हाताचे दाम पुरते मोजावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. ही एकाच श्रद्धेची दोन अंगे आहेत. पुढच्या बेंदराला कुंभाराच्या दारी बैल घ्यावयास जाल, तेव्हा तो सांगेल ती किंमत द्या. बैल जपून ठेवा. नाताळला त्याचे शिंग मोडलेले आढळले, तरी त्याची गव्हाणीजवळची जागा त्यालाच द्या.