अर्धवट आठवलेली गाणी

मंगळवार, 4 डिसेंबर 1956. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, 706 युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर, सन रेकॉर्ड्सच्या छोट्याशा स्टुडिओत कार्ल पर्किन्सचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. सोबत त्याचे दोघे भाऊ, ड्रम्सवर डब्ल्यू. एस. हॉलंड आणि पियानोच्या साथीला 21 वर्षांचा जेरी ली लुईस. जेरी लीची स्वतःची पहिली तबकडी नुकतीच बाजारात आली होती. त्याला अजून फारसं कोणी ओळखत नव्हतं. दुपारी एल्विस प्रेस्ली सहज डोकावला. वर्षभरापूर्वी स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने त्याचा करार 35,000 डॉलरला आरसीए व्हिक्टर कंपनीला विकला होता आणि त्या एका वर्षात एल्विसचं नाव घरोघर पोचलं होतं. जॉनी कॅशही तिथे होता. एल्विस पियानोवर बसला, बाकीचे भोवती जमले आणि गाणी सुरू झाली. तंत्रज्ञ जॅक क्लेमंटने टेपरेकॉर्डर चालू केला.

ती फीत मी कित्येक वर्षं ऐकत आलो आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा निराशा झाली होती. रॉक अँड रोलचे चार बिनीचे शिलेदार एका खोलीत, म्हणजे आता खिडक्यांची तावदानं हादरणार, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ऐकू आले ते चाळीसहून अधिक तुकडे, त्यातले कित्येक काही सेकंदांचे. कोणी ध्रुवपद उचलतो, अंतऱ्यापाशी अडतो, दुसरा शब्द पुरवतो, तिसऱ्याला भलतंच गाणं आठवतं. मध्येच बोलणं, हसणं. पुरं झालेलं गाणं क्वचितच. पुढे पुन्हापुन्हा ऐकताना लक्षात आलं की या फितीचं मोल त्या अर्धवटपणातच आहे.

अशा बसण्याला ‘जॅम’ म्हणतात. आपल्याकडे मैफल आहे, पण तिच्यात गाणारा आणि ऐकणारा वेगळे. रियाझ आहे, तो एकट्याचा. तालीम आहे, तिला पुढच्या प्रयोगाची तारीख असते. जॅमला यातलं काहीच नसतं. भजन संपलंय, टाळ खाली ठेवलेत, घरी जायचं कोणाच्या मनात नाही; अशा वेळी एकाने उगाच एखादं पद गुणगुणावं आणि बाकीच्यांनी झील धरावी, तसा हा प्रकार. त्याला श्रोता नसतो, कारण प्रत्येक जण आळीपाळीने गाणारा आणि ऐकणारा होतो.

मग त्या दुपारी या मुलांनी गायलं काय? ज्यांच्यामुळे त्यांचा गाजावाजा झाला होता ती गाणी थोडी आणि चर्चमधली प्रार्थनागीतं पुष्कळ. ‘पीस इन द व्हॅली’, ‘डाउन बाय द रिव्हरसाइड’, ‘आय शॅल नॉट बी मूव्ह्ड’. प्रार्थनागीत सुरू झालं की चाचपडणारे आवाज एकदम स्थिर होतात. कोणी कोणाला खूण करताना ऐकू येत नाही, तरी जो तो आपापली जागा घेतो. एकाने ओळ टाकली की उत्तराची ओळ दुसरीकडून ठरल्यासारखी येते.

हे शिक्षण स्टुडिओतलं नव्हतं. एल्विस आणि जेरी ली हे दोघेही असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाच्या चर्चमध्ये वाढलेले; एक मिसिसिपीतल्या टुपेलोचा, दुसरा लुइझियानातल्या फेरिडेचा. तिथे गाणं हा उपासनेचा कणा असतो आणि अंग झोकून गाणं ही श्रद्धेची खूण. कॅश आणि पर्किन्स कापसाच्या शेतांत राबलेल्या घरांतले. गिटारचे पहिले धडे पर्किन्सने शेतावरच्या एका वयस्कर कृष्णवर्णीय मजुराकडून घेतले होते. चौघांची घरं गरीब, गावं वेगवेगळी, वाटाही वेगवेगळ्या. पण रविवारची गाणी एक होती आणि रेडिओवर ऐकलेला गायक बिल मन्रो एक होता. त्याचीही गाणी त्या दुपारी एकामागून एक निघाली.

कॅश पहिल्यांदा फिलिप्सकडे आला होता तो प्रार्थनागीतं गाण्याची इच्छा घेऊन. ती खपत नाहीत म्हणून फिलिप्सने नकार दिला, दुसरं काही आण म्हणाला. व्यापारी म्हणून त्याचं चुकलं नाही. पण त्याच खोलीत, विकण्याचा विचार कोणाच्या मनात नसताना, पुन्हापुन्हा ओठांवर आली ती तीच गाणी. माणसाच्या आत काय साठलेलं आहे हे तो मोबदला न घेता काय गातो यावरून कळतं.

उत्स्फूर्त कलेविषयी आपल्या मनात एक गोड गैरसमज असतो. काहीही न ठरवता, कसलीही पूर्वतयारी नसताना, नुसत्या प्रतिभेच्या बळावर काहीतरी झरझर उमटतं, असं आपण मानतो. ही फीत वेगळंच सांगते. न ठरवता जमलेल्या बैठकीमागे पंधरा-वीस वर्षांचं पाठांतर असतं आणि ते सगळ्यांचं मिळून एक असावं लागतं. नुसती प्रतिभा एकत्र आली तर एकल गायनांची रांग लागली असती. समान आठवण होती म्हणून तिचं समूहगान झालं. चौघांपैकी कोणालाही गाणं पुरतं येत नव्हतं. चौघांत मिळून ते येत होतं.

चक बेरीचं ‘ब्राउन आइड हॅन्डसम मॅन’ घ्या. सेंट लुईसच्या या कृष्णवर्णीय गायकाची ती तबकडी तेव्हा अगदी नवी होती. पर्किन्स नुकताच बेरीबरोबरच्या दौऱ्यावरून परतला होता आणि त्याच्याविषयी भरभरून बोलत होता. मग सगळे मिळून ते गाणं आठवू लागतात. शब्द निसटतात, कडवी उलटसुलट होतात, गाणं थांबतं; थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. गाणाऱ्यांना स्वतःच्या नावाची तमा नाही. त्यांना फक्त बेरीचा पुढचा शब्द हवा आहे.

आणखी एक प्रसंग मला या फितीचा गाभाच वाटतो. एल्विस सांगतो की लास वेगासला बिली वॉर्डच्या संचातला एक गायक ‘डोन्ट बी क्रूअल’ गातो, आणि माझ्या तबकडीपेक्षा सरस गातो. ते ऐकायला एल्विस एकामागून एक चार रात्री गेला होता. मग तो त्या गायकाची नक्कल करून दाखवतो. लय उतरवतो, ‘टेलिफोन’ या शब्दाचा उच्चार त्याच्यासारखा मोडतो, शेवट त्याच्यासारखा ताणतो. ज्याचं गाणं सबंध देश गुणगुणतो आहे तो त्याच गाण्यात दुसऱ्याचा शिष्य झाला आहे. आवाजात असूया शोधूनही सापडत नाही. एखादी देखणी गोष्ट पाहून आलेला पोरगा ती मित्रांना सांगताना जसा थांबत नाही, तसं त्याचं झालं आहे.

त्या गायकाचं नाव एल्विस घेत नाही. तो जॅकी विल्सन होता. पुढे तो स्वतः मोठा झाला. त्या गाण्याचा प्रवास पाहण्याजोगा आहे. लिहिलं ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने, गाजवलं गोऱ्या एल्विसने, त्यातून नवं काही काढलं कृष्णवर्णीय विल्सनने आणि ते एल्विसने पुन्हा उचललं. 6 जानेवारी 1957 रोजी एड सुलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्विसने ‘डोन्ट बी क्रूअल’ गायलं तेव्हा विल्सनची छाप त्यावर स्पष्ट दिसली. त्याच कार्यक्रमात त्याने ‘पीस इन द व्हॅली’ही गायलं. ते लिहिणारा टॉमस डॉर्सी हाही कृष्णवर्णीय.

हे लिहिताना मन निखळ आनंदी राहत नाही. मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार तेव्हा वर्ष होत आलं तरी चालूच होता. तिथल्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबरला कायम केला होता, पण तो अमलात यायला डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. खुद्द मेम्फिसमध्ये बस, शाळा, उपाहारगृहं सारं वेगवेगळं होतं. ज्यांची गाणी त्या खोलीत गायली गेली त्यांच्यापैकी कोणी तिथे नव्हतं. हाउलिंग वुल्फ आणि बी. बी. किंग या कृष्णवर्णीय गायकांचं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण याच फिलिप्सने याच खोलीत केलं होतं, पण एल्विसच्या यशानंतर त्याचं लक्ष गोऱ्या गायकांकडे वळलं. स्मरणाने भिंत ओलांडली म्हणून भिंत पडत नाही. तरीही, कायदा ज्यांना शेजारी बसू देत नव्हता त्यांचे सूर या मुलांच्या कंठात शेजारीशेजारी नांदत होते, हे त्या फितीवर कायमचं उमटलं आहे.

काही गोष्टी नोंदीतून निसटल्याही. कॅशचा आवाज फितीवर खात्रीने ओळखता येत नाही. आपण सर्वांत आधी आलो, सर्वांत शेवटी गेलो आणि एल्विसशी जुळावं म्हणून नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायलो, असं त्याने पुढे लिहिलं. प्रसिद्ध छायाचित्रात मात्र तो स्पष्ट दिसतो: पियानोवर एल्विस, भोवती वाकलेले तिघे. मूळ छायाचित्रात पियानोवर एक तरुणीही बसलेली आहे, एल्विसबरोबर आलेली. बहुतेक ठिकाणी तिला कापून ते छापलं जातं. फिलिप्सने बोलावलेल्या पत्रकाराने दुसऱ्या दिवशी मेम्फिसच्या वर्तमानपत्रात बातमी दिली आणि या चौघांना नाव पडलं, ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’. बैठक ज्या हिशेबापासून घटकाभर मोकळी होती, त्याच हिशेबाने तिचं बारसं झालं.

फीत मात्र विकता येत नव्हती, कारण एल्विसचा आवाज आता दुसऱ्या कंपनीचा होता. ती तशीच पडून राहिली. 1977 साली एल्विस गेला आणि 1981 मध्ये तिचा काही भाग पहिल्यांदा युरोपात तबकडीवर निघाला. पुढच्या काही वर्षांत बाकीचे तुकडे येत गेले. कॅश, पर्किन्स आणि जेरी ली नंतरही एकत्र गायले. चौघांचं मिळून दुसरं ध्वनिमुद्रण नाही.

ही फीत आज सहज मिळते. ऐकाल तेव्हा त्यातली बरी वाटणारी गाणी निवडून ऐकू नका. अडखळणं, बोलणं, चुकलेले शब्द, सगळं सलग ऐका. शेवटाकडे पियानोवर जेरी लीला वाव मिळतो आणि मग एल्विस निरोप घेतो, तिथपर्यंत थांबा. आणि मग जमलं तर आपल्या माणसांत बसून, कोणालाच पुरतं न येणारं एखादं गाणं सगळ्यांनी मिळून आठवून पाहा.