बर्णबाने हात धरला



येत्या ११ जूनला ख्रिस्तसभा संत बर्णबाचा सण साजरा करते. आपल्याकडे ह्या संताच्या नावाने ना नोव्हेना होते, ना फेस्ताची वाजंत्री वाजते. पण हा सण नेमका अशा दिवसांत येतो की आपल्या घराघरांत कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ चाललेली असते. म्हणून यंदा ह्या संताकडे जरा थांबून पाहू या.

प्रथम माझी एक चूक आपणांसमोर कबूल करतो. ज्याच्याबाबतीत ती झाली, त्या मुलाची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात, रविवारच्या मिस्सानंतर एक मुलगा साक्रिस्तीच्या दाराशी येऊन उभा राहिला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. म्हणाला, “फादर, कॉलेज सोडावंसं वाटतं.” मी त्याला चांगली पंधरा मिनिटे समजावले. आईवडील वाडीत किती राबतात, शिक्षणाचे महत्त्व काय, प्रार्थना कर, मन लावून अभ्यास कर, असे सारे सांगितले. तो मान हलवीत “हो फादर, हो फादर” म्हणत राहिला आणि निघून गेला. दिवाळीपूर्वीच त्याने कॉलेज सोडले.

पुढे त्याच्या आईकडून कळले ते असे. वर्गात सारे इंग्रजीतून चालायचे, त्याला अर्धेही उमगत नव्हते. डबा खायला कोणी सोबत नव्हते. शेवटचे काही आठवडे तो रोज घरून वेळेवर निघायचा, लोकल पकडायचा आणि कॉलेजात न जाता स्टेशनच्या बाकावर बसून डबा खाऊन परत यायचा. मी त्याला पंधरा मिनिटे उत्तर दिले. पण प्रश्न एकही विचारला नव्हता.

बंधुभगिनींनो, मला अधिक बोचते ते पुढचे. तो माझ्यापाशी उभा होता, त्या वेळी बाहेर क्रुसापाशी आपल्याच चर्चची चार मुले गप्पा मारीत उभी होती. चौघेही त्याच कॉलेजात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला. हा मुलगा आपल्या कॉलेजात आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते, शिकवले नव्हते.

आता बर्णबाकडे वळू. त्याचे मूळ नाव योसेफ. कुप्र बेटावरचा हा लेवी. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हटले, म्हणजे धीर देणारा माणूस (प्रेषितांची कृत्ये ४:३६). ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणारा शौल परिवर्तन होऊन यरुशलेमला आला, तेव्हा शिष्य त्याला भ्याले. कोणी त्याला जवळ करीना. तेव्हा बर्णबाने त्याला आपल्याबरोबर घेतले आणि प्रेषितांकडे नेले (९:२६-२७). दिमिष्काच्या वाटेवर ह्याला प्रभू कसा भेटला, हे बर्णबानेच त्यांना सांगितले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बर्णबा हे सांगू शकला, ह्याचा अर्थ त्याने आधी शौलाची सारी हकिगत ऐकून घेतली होती. इतर लोक भीत होते, त्या वेळी हा ऐकत होता.

पुढे शौल तार्सला निघून गेला. बर्णबा त्याला विसरला नाही. अंत्युखियात काम वाढले, तेव्हा तो स्वतः तार्सला जाऊन त्याला शोधून घेऊन आला. वर्षभर दोघांनी तिथे एकत्र काम केले (११:२५-२६). तेराव्या अध्यायाच्या आरंभी बर्णबाचे नाव आधी येते आणि शौलाचे नंतर. तोच अध्याय संपेपर्यंत पौलाचे नाव पुढे गेलेले असते. ह्याबद्दल बर्णबाने कुरकुर केल्याचे कुठेही लिहिलेले नाही. नंतर वाटेतून परत फिरलेल्या मार्कला पौल बरोबर घ्यायला तयार नव्हता, तेव्हा बर्णबा त्याला घेऊन कुप्रला गेला (१५:३७-३९). तोच मार्क आपल्याला सेवेसाठी उपयोगी आहे असे पौल पुढे लिहितो (२ तीमथ्य ४:११). एकदा नापास झालेल्याला दुसरी संधी मिळाली, ती बर्णबामुळे.

कॉलेजात अशा माणसाला आज मेंटॉर म्हणतात. ही केवळ चर्चची कल्पना नव्हे. रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली जे नियम केले, त्यांतच ही तरतूद आहे. प्रत्येक संस्थेत स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांचा मेंटॉर कक्ष असावा आणि सहा नवागतांमागे एक मेंटॉर असावा, असे तो नियम सांगतो. ज्या वरच्या वर्गातल्या मुलांची नव्यांना धास्ती वाटते, त्यांनीच नव्यांचा हात धरावा, असा हा विचार आहे. पण नियम कागदावर असतो. हात मात्र कोणीतरी स्वतःचा पुढे करावा लागतो, आणि तो कसा करायचा हे शिकावे लागते.

म्हणून ह्या महिन्यापासून चार रविवार, दुसऱ्या मिस्सानंतर, आपल्या सभागृहात हे प्रशिक्षण होईल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी अवश्य यावे. प्रत्येकाकडे सहापेक्षा जास्त नवे विद्यार्थी दिले जाणार नाहीत.

पहिल्या रविवारी ऐकण्याचा सराव होईल. दोघांची जोडी करायची. एकाने तीन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने मध्ये एक शब्दही काढायचा नाही. मग जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगायचे. सोपे वाटते, पण मी स्वतः करून पाहिले. एका मिनिटातच सल्ला माझ्या ओठांवर आला होता. त्या दिवशी वर सांगितलेला तो मुलगा स्वतः येऊन बोलणार आहे.

दुसऱ्या रविवारी साध्या, रोजच्या गोष्टी. रेल्वे पासच्या सवलतीचा अर्ज कुठे मिळतो, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, मेजर आणि मायनर म्हणजे काय, एटीकेटी लागली तर पुढे काय. ज्याला ठाऊक आहे त्याला ह्यात काहीच वाटत नाही. ज्याला ठाऊक नाही तो विचारायलाही लाजतो.

तिसऱ्या रविवारी शोधायला जाण्याविषयी. चार दिवस कोणी दिसला नाही तर पाचव्या दिवशी फोन करायचा, घरी जायचे. तार्सपर्यंत जावे लागणार नाही. पुढच्या आळीपर्यंत गेले तरी पुरे.

चौथ्या रविवारी आपली मर्यादा. सोबत्याने कोणाचे प्रोजेक्ट लिहून द्यायचे नाही, पैशांचा व्यवहार करायचा नाही, ऐकलेली गोष्ट गावभर करायची नाही. मात्र कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलला, किंवा कोणी त्याला छळत असल्याचे कळले, तर ते गुपित ठेवायचे नाही. त्याला एकटे न सोडता विश्वासातल्या शिक्षकांकडे, समुपदेशकाकडे किंवा माझ्याकडे घेऊन यायचे. टेली-मानस ह्या शासकीय सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो. बर्णबाने शौलाला स्वतःपाशी ठेवून घेतले नाही. तो त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला. सारे ओझे एकट्याने उचलणे हे सोबत्याचे काम नव्हे.

दोन विनंत्या. पालकांनो, ह्या मुलांना आपले हेर करू नका. “आमचा बाबू कॉलेजात काय करतो ते सांग” असे विचारू लागलात, तर उद्या बाबू त्यांच्याशीही बोलणार नाही. आणि तरुणांनो, सोबतीला धर्म, जात, भाषा पाहायची नाही. आपल्या आळीतल्या मुलाची सोबत करा, तशीच जव्हार-मोखाड्याहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचीही करा. त्याचे घर तर आपल्यापेक्षा दूर आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली तरुणांना उद्देशून जे प्रेरितिक पत्र लिहिले, त्यात त्यांनी तरुणांचेच म्हणणे मांडले आहे: सोबत करणारा परिपूर्ण असावा लागत नाही, आपणही चुकतो हे त्याला माहीत असावे. तेव्हा “मलाच एटीकेटी आहे, मी काय मेंटॉर होणार?” असे म्हणून कोणी घरी बसू नये. पडल्यावर कसे उठायचे हे तुम्हांला ठाऊक आहे, तेच नव्या मुलाला हवे आहे.

पंधरवड्याने कॉलेजे सुरू होतील. आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी डबा घेऊन प्रथमच त्या गर्दीच्या लोकलमध्ये चढेल. त्या डब्याला एक सोबती मिळावा, एवढेच मागणे आहे.

हे प्रभो, तुझ्या सेवकाला, बर्णबाला तू दुसऱ्याचे ऐकून घेणारे कान आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देणारे मन दिलेस. आमच्या तरुणांनाही ते दे. जे एकटे बसले आहेत त्यांच्याकडे आमची पावले वळव. आमेन.

आपला,
फादर