हुकलेला मासा आणि आवळलेली मूठ



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62 ते 64.

हे श्लोक आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेत. एखाद्या गोष्टीचं सतत चिंतन केलं की तिची ओढ लागते, ओढीतून हवंच अशी इच्छा होते, इच्छा अडली की राग येतो, रागातून मोह, मोहातून विसर, आणि विसरातून बुद्धीचा नाश. मला ही साखळी पाठ होती. पण ती कळली ती गेल्या डिसेंबरात, वेंगुर्ल्याच्या बंदरात, एका छोट्या कयाकवर बसून.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. सुट्टीत गेलो की मी आणि माझा मामेभाऊ दादा सकाळी कयाक घेऊन गरवायला जातो. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे चोणक लागतो. रायगडकडचे वाचक ज्याला जिताडा म्हणतात, तोच हा.

मोठा चोणक माझ्या हातून तीनदा सुटलाय. पहिल्यांदा तो खडकात शिरला आणि कालवांच्या धारेवर दोरी कापली गेली. दुसऱ्यांदा अगदी कयाकच्या कडेला आला होता. मी जाळी घ्यायला वळलो, दोरी क्षणभर सैल पडली, त्याने पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकलं आणि गळ सुटला. या दोन्ही वेळी वाईट वाटलं, पण ते नशीब म्हणून सोडून देता येत होतं. तिसऱ्या वेळी तसं म्हणता येत नाही.

त्या ट्रिपच्या आधी महिनाभर मी पुण्यात बसून दुसरं काही करतच नव्हतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चोणक पकडण्याचे व्हिडिओ बघायचो. नवीन रील घेतलं, नवीन ल्यूर घेतले. मित्रांना आधीच्या सुटलेल्या माशाची गोष्ट सांगताना तो आधी आठ किलोचा होता, मग दहाचा झाला, मग बाराचा. हुकलेला मासा दर खेपेला थोडा वाढतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. हुकलेली नोकरी, हुकलेलं माणूस, यांचंही तसंच होतं. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटतही नाही. हे झालं 'चिंतन', आणि 'ओढ'ही.

आता त्या सकाळचं सांगतो. सूर्य नुकताच वर आला होता. मतलई वारा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. ल्यूर टाकला आणि असा हिसका बसला की कयाकचं तोंडच फिरलं. कयाकवर मोठा मासा लागला की तो तुम्हाला ओढत नेतो. पाय रोवायला जागा नसते, दोन्ही हात रॉडवर असतात, वल्हं मांडीवर पडून असतं. मला तो ओढत निघाला, थेट खाडीच्या तोंडातून बाहेर.

मागून दादा ओरडला, "अरे सुकती लागली! फाटी फिर!" ओहोटीचं पाणी बाहेर जात होतं, वाराही बाहेरचाच. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहायला लाज वाटते. ज्या दादाने मला वल्हं धरायला शिकवलं, त्याला मी शिवी घातली. हा 'राग'. लाईफ जॅकेटचे पट्टे मी आधीच सोडून ठेवले होते, कारण रॉड फिरवताना ते काचत होते. ते सुटे आहेत हेही माझ्या लक्षात नव्हतं. हा 'विसर'. शब्दशः.

आणि मग बुद्धी गेली. रीलला ड्रॅग असतो. मासा जोरात ओढायला लागला की तो दोरी थोडी थोडी सोडतो, म्हणून ती तुटत नाही. मोठा मासा ताकदीने येत नाही, सोडत-धरत, त्याला दमवत आणावा लागतो. मला हे चांगलं माहीत होतं. तरीही 'या वेळी सोडणार नाही' म्हणत मी ड्रॅग पूर्ण आवळला. दोन सेकंद. फटकन आवाज आला आणि रॉड हलका झाला.

पाहिलं तर किनारा लांब गेला होता. एकट्याने परत येता येईना. शेवटी दादाच आला, त्याने माझी कयाक दोरीने त्याच्या कयाकला बांधली, आणि जवळजवळ तासभर आम्ही दोघं वल्हवत राहिलो. तो एक शब्द बोलला नाही. वाळूवर उतरल्यावर मी त्याची माफी मागितली. घरी मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "तू माशाक धरूक नाय, माशान तुका धरल्यान."

रात्री मला झोप लागली नाही, पण मासा गेला म्हणून नाही. चोणक जन्मतः बहुतेक नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे एवढा मोठा चोणक ही बहुतेक करून मादीच, लाखो अंडी घालणारी. मी तिला 'गमावलं' म्हणत होतो. ती मात्र तोंडात माझा तीन टोकांचा गळ आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन गेली. तो गळ पुढे निघाला की नाही, मला कधीच कळणार नाही. जी माझी कधी नव्हतीच, ती मी गमावली कशी? आणि मी आवळलेल्या मुठीची किंमत कोणी मोजली?

तुमच्यातले काही जण विचारतील, हरिनाम घेतोस आणि मासे मारतोस? प्रश्न बरोबर आहे. मी माळकरी नाही, आमच्या घरी मासे खातात. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मांस विकत होता आणि तरी त्याने एका तपस्व्याला धर्म सांगितला. पण त्याचा आधार मला घेता येत नाही. तो त्याचा कुळाचा व्यवसाय होता, माझा छंद आहे. मामाला मासा लागतो तेव्हा घरात चूल पेटते. मला लागतो तेव्हा फोटो निघतो. या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पण 64व्या श्लोकाने थोडी वाट दाखवली. तिथे भगवंत 'विषयांपासून पळून जा' असं म्हणत नाहीत. राग-द्वेष सोडून, मन ताब्यात ठेवून जो विषयांमध्ये वावरतो, त्याला प्रसन्नता मिळते, असं सांगतात. म्हणजे समुद्र सोडायचा नाही, मूठ सैल करायची.

मी आता एकच गळ लावतो, त्याचा काटा पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे तो सहज निघतो. ड्रॅग आधीच लावून ठेवतो, मासा लागल्यावर त्याला हात लावत नाही. खाण्यापुरता एक मासा झाला की परत फिरतो. आणि दादा 'फिर' म्हणाला की फिरतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. परवा पुन्हा एक मोठा सुटला. वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगू? पण या वेळी गोष्ट सांगताना वजन वाढवलं नाही.

आजचा प्रश्न : तुमच्या हातून सुटलेली अशी कोणती गोष्ट आहे, जी आठवणीत रोज थोडी मोठी होतेय? आणि तिच्या मागे जाताना तुम्ही कोणावर ओरडलात?

जमलं तर आज त्या माणसाला फोन करा.

राम कृष्ण हरी.