पायलीची शीग कोणाची?

पायली काठोकाठ भरली आणि वर आणखी धान्य ओतले, म्हणजे तिच्या तोंडावर जो सुळका उभा राहतो त्यास शीग म्हणतात हे वाचकांस ठाऊकच आहे. ही शीग देणाऱ्याची की घेणाऱ्याची, असा प्रश्न आम्ही आज विचारार्थ घेतो. प्रश्न चार दाण्यांचा दिसतो खरा. परंतु ह्याच चार दाण्यांत पुष्कळ घरांचे बियाणे गेले आहे.

दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली, हे कोष्टक पूर्वी लहान मुलांसही पाठ असे. पुढे मण मात्र कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळांचा. ह्या मापास तराजू लागत नसे, वजने लागत नसत, आणि अक्षरशत्रू मनुष्यासही भरलेले भांडे डोळ्यांनी दिसे. खळ्यावर बलुतेदारांचे वाटे, पेरणीचे बियाणे, लग्नाचा शिधा, शेजारणीची उसनवार, सर्व काही ह्याच भांड्याने चाले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली व बाजारातून पायली उठली. तथापि खेड्यांतील कित्येक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती अद्याप गेलेली नाही.

आता ह्या मापाचा दोष पाहा. उंचावरून ओतलेले धान्य दाटून बसते, हळू सोडलेले पोकळ राहते; भांडे हालविले की आणखी मूठभर मावते. शिगेचे तर विचारूच नये. दोन भांडी सपाट भरली असता सारखीच भरतील, पण एकाचे तोंड दुसऱ्याच्या दुप्पट रुंद असेल तर त्यावरील शीग दुपटीने नव्हे, आठपटीने अधिक होते. ह्यास्तव इंग्लंडात १८३५ च्या कायद्याने शिगेचे माप बंदच करून टाकिले.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या २५ व्या अध्यायात, घरात लहानमोठे असे दोन एफे ठेवण्याची मनाई आहे. आणि एफा लहान करणाऱ्या व्यापाऱ्यांस आमोस संदेष्ट्याने कडक शब्दांनी दोष दिला. एफा हेही पायलीसारखे धान्याचे मापच होय. परंतु आमच्या इकडील धूर्त सावकारास दोन भांड्यांची गरज तरी कोठे होती? पायली एकच, हात मात्र दोन. आषाढात देताना वरून हात फिरवून ती सपाट करावयाची. सुगीस घेताना तीच हालवून शिगोशीग भरावयाची. समजा, कोणी आठ पायल्या सवाईने नेल्या. बोलीप्रमाणे दहा परत करावयाच्या. प्रत्येक पायलीवर अर्ध्या शेराची शीग धरली तर दहांवर पाच शेर, म्हणजे सव्वा पायली अधिक गेली. बोली आठांवर दोनांची, आणि फेड सव्वातीनांची!

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत रयत खवळली, तेव्हा लोकांनी सावकारांची खते जाळली. खत जाळता तरी येते. शिगेचा कागद कोठे असतो? ती धान्याच्या राशीत मिसळली की तिचा पुरावाही मिसळला.

ह्यावर कोणी म्हणेल, “शीग हा गावचा रिवाज आहे, सर्वांस माहीत आहे, मग फसवणूक कसली? शिवाय आषाढातील पायली व पौषातील पायली ह्यांची किंमत एक नव्हे.” ह्या म्हणण्यात काही तथ्य आहे हे आम्ही नाकारीत नाही. टंचाईच्या दिवसांत ज्याने आपल्या कणगीतून काढून दिले त्याने काही अधिक मागावे, आणि ते उघड बोलून मागावे, हे आम्हास समजते. सवाईचा आकडा मोजता येतो. गरजवंत “नको” म्हणून दुसऱ्या दारी जाऊ शकतो. पण माप धरलेल्या हातास “पुरे” म्हणण्याची ज्याची छाती होत नाही, त्याचा रिवाजास रुकार होता असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

लूककृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात दाबून, हालवून भरलेल्या मापाविषयी वचन आहे. ते देणाऱ्यास उद्देशून आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातून जाते. तेच दाबणे, तेच हालविणे. देणाऱ्याच्या हाताने झाले तर औदार्य, घेणाऱ्याने हक्काने करविले तर जुलूम. म्हणून आमचे मत असे की, शीग देता येते, मागता येत नाही.

मग शेजारणीने शिगोशीग दिलेली पायली परत करताना कशी भरावी? आम्ही म्हणतो, कर्ज सपाटाचेच. वरची शीग तिची भेट होती, आणि भेटीची वसुली नसते. तथापि जिच्या घरी यंदा पिकले आहे तिने सपाट मापावर हात फिरवून थांबावे, हे आम्हास रुचत नाही. तिने शीग भरावी. शेजारणीने मात्र ती भरेपर्यंत पायलीकडे पाहत उभे राहू नये.

तराजू आला म्हणून हा प्रश्न मिटला असे कोणी समजू नये. कडता किती धरावा, ओलीपायी किती कापावे, हे आजही काटा धरणाराच ठरवितो. मंडळीच्या सुगीच्या सणात जमलेले धान्य विकताना वा गरिबांस वाटताना माप कोणी धरावे, हे पंचांनी ठरवावे. आणि घेणाऱ्यांपैकी एकास तेथे उभे करावे.