मुकुट दुसऱ्याच्या मस्तकी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाच्या थोरल्या बहिणीने, कुंदवैने, देवाला दिलेल्या दानांची नोंद कोरलेली आहे. मूर्ती कोणत्या, दागिने कोणते, सोने किती, सारे बारकाईने लिहिले आहे. त्याच नोंदीत तिची ओळख वल्लवरैयर वंदियदेवर यांची पत्नी अशी दिली आहे. हा वंदियदेवर कोण होता, सम्राटाच्या बहिणीशी त्याचे लग्न कसे जमले, याबद्दल दगड अवाक्षर काढत नाही.

एवढ्या आधारावर कल्कींनी पाच भागांच्या कादंबरीचा नायक उभा केला. त्या कादंबरीचे नाव ‘पोन्नियिन सेल्वन’, म्हणजे कावेरीचा पुत्र. रा. कृष्णमूर्ती ऊर्फ कल्की यांनी 1950 ते 1954 अशी साडेतीन वर्षे ती आपल्या ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः लिहिली. चित्रे मणियम यांची होती. शेवटचे प्रकरण छापून आले त्याच वर्षी, डिसेंबरात, कल्की गेले. कादंबरी मात्र तमिळ घरांतून हलली नाही. अंकातली पाने कापून, शिवून, घरीच ग्रंथ बांधले गेले आणि पुढच्या पिढीच्या हाती आले. मुलींना तिच्यातल्या पूंगुळली आणि वानती या पात्रांची नावे ठेवली गेली. 1999 मध्ये चेन्नईत ती रंगभूमीवर आली, 2022 आणि 2023 मध्ये मणिरत्नमने दोन भागांत पडद्यावर आणली. पुस्तकातल्या वंदियदेवनचा प्रवास ज्या वाटेने झाला त्याच वाटेने आजही लोक हौसेने हिंडतात. सत्तर वर्षांनंतरही ज्यांच्या सुखदुःखाने वाचक व्याकूळ होतो, अशी किती पात्रे कुठल्याही भाषेत सापडतील?

या प्रेमाचे कारण विचारले की बहुतेक जण चोळांच्या वैभवाकडे बोट दाखवतात. मला हे उत्तर पटत नाही, कारण ते वैभव कादंबरीत आलेलेच नाही. राजराज गादीवर आला 985 मध्ये, त्याचे महामंदिर पुरे झाले 1010 मध्ये. कादंबरी त्याच्या कितीतरी आधीची, जेमतेम काही महिन्यांची गोष्ट सांगते. तिच्यातला अरुळमोळीवर्मन, म्हणजे पुढचा राजराज, हा अजून आजारी राजाचा धाकटा मुलगा आहे. बाप सुंदर चोळ अंथरुणाला खिळलेला, थोरला भाऊ आदित्य करिकालन कांचीत मनाने जळत बसलेला, सरदार चुलत्याच्या बाजूने कारस्थाने रचणारे. आज ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्याची त्या लोकांना चाहूलही नाही. त्यांना दिसते ते एक पडायला आलेले घर.

त्या पडझडीची पाळेमुळे आपल्या बाजूला आहेत, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. कादंबरीचे पहिले दृश्य वीरनारायण तलावाच्या काठचे आहे. आषाढातला पुराचा सण, बायका-मुले नटूनथटून पाण्यावर आलेली, आणि काठाने घोड्यावरून चाललेला एकटा तरुण. हा प्रचंड तलाव खोदण्याचे श्रेय परंपरेने युवराज राजादित्याच्या सैनिकांना दिले जाते. तोच राजादित्य 949 मध्ये तक्कोलमच्या रणांगणावर हत्तीच्या पाठीवर मारला गेला, आणि त्याला हरवणारी फौज होती राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाची. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदवले तेच हे घराणे. त्या पराभवाने चोळांचे राज्य मोडकळीला आले. त्यामुळे सणाच्या उजेडातही कल्कींच्या पहिल्या पानांवर एका मेलेल्या युवराजाची सावली आहे. तो तलाव आजही आहे, त्याचे पाणी आता चेन्नईपर्यंत जाते.

घोड्यावरचा तरुण म्हणजे वंदियदेवन. त्याचे कुळ जुने, पण राज्य केव्हाच बुडालेले. त्याच्याजवळ एक तलवार आहे आणि आदित्य करिकालनने दिलेली ताडपत्रावरची दोन पत्रे: एक बापाला, एक बहिणीला. ऐतिहासिक कादंबरीत आपण बहुधा राजाच्या खांद्यावरून पाहतो. ‘स्वामी’ असो की ‘श्रीमान योगी’, मराठीतल्या थोर कादंबऱ्यांनी ते फार समर्थपणे केले आहे. कल्की वाचकाला निरोप्याच्या घोड्यावर बसवतात. निरोप्याला गादी मिळवायची नसते, गमवायचीही नसते. तो बढाईखोर आहे, खोटे सहज बोलतो, सुंदर चेहरा दिसला की पाघळतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. मोठ्यांच्या दालनात तो चुकून शिरतो, पडद्याआडून ऐकतो आणि नको ते कळल्यामुळे अडकत जातो. सामान्य माणूस इतिहासात सापडतो तो असाच. राजावर आपण भक्ती करतो. वंदियदेवनची आपल्याला काळजी वाटते, आणि काळजी ही भक्तीपेक्षा जवळची भावना आहे.

पण कादंबरीचा खरा कणा दुसरीकडे आहे. राजेंद्र चोळाच्या काळातल्या तिरुवालंगाडू ताम्रपटांत एक उल्लेख येतो: प्रजेने विनवूनही, चुलत्याला राज्याची इच्छा आहे तोवर अरुळमोळीने मनातदेखील राज्याची अभिलाषा धरली नाही. हा मजकूर त्याच्याच मुलाच्या दरबाराने लिहिलेला, म्हणजे त्यात गुणगान असणारच. नीलकंठ शास्त्रींसारख्या इतिहासकाराने या चुलत्याकडे, उत्तम चोळाकडे, आदित्याच्या खुनाच्या संदर्भात संशयाने पाहिले आहे. घडले ते एवढेच: उत्तम चोळ गादीवर बसला, सुमारे पंधरा वर्षे राज्य केले, आणि त्याच्यानंतर अरुळमोळी राजराज झाला. या कोरड्या क्रमाचा अर्थ भीती किंवा तडजोड असाही लागला असता. कल्कींनी त्यात त्याग पाहिला. शेवटच्या भागाचे नावच त्यांनी ‘त्यागशिखर’ ठेवले. सारे नगर अरुळमोळीच्या अभिषेकासाठी लोटलेले असते, सारे सरदार त्याच्या बाजूला आलेले असतात, आता नाही म्हणायला कोणी उरलेले नसते. अशा वेळी तो मुकुट हातात घेतो आणि चुलत्याच्या मस्तकावर ठेवतो.

हे लिहिणारा माणूस एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी असहकाराच्या हाकेसरशी शिक्षण सोडून निघालेला आणि तुरुंगात गेलेला होता. कादंबरी सुरू झाली त्याच वर्षी भारत प्रजासत्ताक झाला. सत्ता मिळवण्यासाठी लढलेल्या पिढीच्या हातात ती नुकतीच आली होती, आणि मिळालेली सत्ता माणसाचे काय करते हे दिसू लागले होते. अशा वेळी कल्कींनी दर आठवड्याला घरोघरी हजार वर्षांपूर्वीचा एक राजपुत्र पाठवला, ज्याचे मोठेपण त्याने काय जिंकले यावर ठरत नाही. मला वाटते, तमिळ वाचकाने या पुस्तकाला जीव लावला तो इथे. पराक्रम पाहून छाती फुगते. ज्याच्या हाती सगळे आले आणि ज्याने ते सोडले, त्याच्यासमोर डोळे भरतात. ही भावना जुनी होत नाही, कारण तिची गरज कुठल्याच काळात संपत नाही.

सोडणारे फक्त राजपुत्रच असते तर हा उपदेश झाला असता. कल्कींनी तो भार ज्यांचे नाव कुठल्या ताम्रपटात नाही अशा बायकांवरही टाकला आहे. मंदाकिनी ही बोलू-ऐकू न शकणारी कोळ्याघरची मुलगी. तरुणपणी एका बेटावर येऊन पडलेल्या सुंदर चोळाला तिने जपले, त्याला जीव लावला. तो राजा झाला, ती मागे राहिली, आणि तिने जीव दिला असे समजून तो जन्मभर आतून पोखरला गेला. कावेरीत पडलेल्या लहानग्या अरुळमोळीला पाण्यातून उचलून देणारी, आणि मग दिसेनाशी होणारी, तीच. सगळे त्या बाईला कावेरी माता समजले आणि मुलाला कावेरीचा पुत्र हे नाव पडले. म्हणजे पुस्तकाचे शीर्षक एका मुक्या बाईच्या ऋणातून आले आहे. शेवटी आजारी राजावर फेकलेला भाला ती स्वतःच्या अंगावर घेते. त्याच्या मांडीवर ती मरते, आणि अनेक वर्षांच्या गैरसमजातून तो त्या क्षणी सुटतो. तिला एकही वाक्य न देता कल्कींनी कादंबरीतले सर्वांत बोलके दुःख तिच्यात साठवले आहे.

तिच्यासमोर नंदिनी उभी करून पाहावी. पळुवूरची ही धाकटी राणी सूडासाठी जगते. पांड्य राजा वीर पांड्य याचे मस्तक आदित्य करिकालनने तिच्या डोळ्यांदेखत उडवले, आणि तोच आदित्य लहानपणापासून तिच्यावर प्रेम करत आलेला. अंगावर चौसष्ट जखमा मिरवणारा पळुवूरचा सरदार, थोरला पळुवेट्टरैयर, म्हातारपणी तिच्याशी लग्न करतो आणि तिच्या एका नजरेसाठी स्वामिनिष्ठेची वाट सोडतो. कल्कींनी तिला राक्षसीण केले नाही. तिचा जन्म कोणाच्या पोटी झाला, हेही पूर्ण स्पष्ट केले नाही. कुठल्याच घरात जागा न मिळालेली ही बाई, आणि म्हणून सगळी घरे पेटवायला निघालेली. वाचकाला तिचा राग येतो आणि तिच्यासाठी पोटही तुटते. दोन्ही एकाच वेळी होणे ही कादंबरीची फार मोठी कमाई आहे.

आदित्याचा खून कडंबूरच्या महालात होतो. दिवा विझतो, अंधारात धडपड होते, आणि उजेड येतो तेव्हा तो मेलेला असतो. मारले कोणी? पांड्यांच्या सूडकऱ्यांनी, नंदिनीने, पळुवेट्टरैयरने, की जगणे नकोसे झालेल्या आदित्याने स्वतःच? कल्की एक उत्तर देत नाहीत. वीरनारायण तलावाजवळच उडैयारकुडीच्या मंदिरात राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षातला एक शिलालेख आहे. आदित्याच्या खुनाबद्दल रविदासन आणि त्याच्या भावांच्या आप्तांच्या जमिनी जप्त केल्याची त्यात नोंद आहे. पण खून झाला कसा आणि त्यामागे आणखी कोण होते, हे तो लेख सांगत नाही, आणि मधली पंधरा वर्षे का गेली हेही नाही. कल्कींनी ती फट बुजवली नाही. ज्याचा जाब मिळाला नाही असे दुःख पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते, हे आपल्या घरांतूनही दिसते.

या भावनेची एक जोखीम आहे, आणि ती प्रेमाने वाचणाऱ्यानेच बोलली पाहिजे. नंदिनी, मंदाकिनी, पूंगुळली या कल्कींच्या निर्मिती आहेत, पण अनेकांना त्या राजराजाइतक्याच खऱ्या वाटतात. कादंबरीतला अरुळमोळी लंकेत युद्धाने पडलेले बौद्ध विहार दुरुस्त करतो, आणि भिक्षूंनी देऊ केलेले तिथले सिंहासनही नाकारतो. इतिहासातल्या राजराजाच्या सैन्याने पुढे लंकेवर स्वारी केली आणि अनुराधपूर उद्ध्वस्त केले. त्याच राजराजाने नागपट्टणच्या बौद्ध विहारासाठी गाव दान दिले, हेही खरे. माणूस असा दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. कादंबरी आपल्याला त्याच्या तारुण्यातला एक निर्मळ प्रहर देते. तो प्रहर म्हणजे सगळा राजराज असे मानले, तर लंकेतल्या मेलेल्यांवर अन्याय होतो. पण पुढचे माहीत असताना ती पाने वाचली तर ती अधिकच हेलावतात: हा मुलगा असाही राहू शकला असता.

तंजावरच्या त्याच मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजराजाच्या दगडावर आपलीही भाषा आहे. असे असून मराठी ऐतिहासिक कादंबरी शिवकाल आणि पेशवाईच्या बाहेर फार कमी गेली. देवगिरीचे यादव, पैठणचे सातवाहन, वेरूळचे राष्ट्रकूट, तंजावरचे भोसले, सगळ्यांचे ताम्रपट आणि शिलालेख आपल्याजवळ आहेत, आणि त्यांत वंदियदेवरसारखी एकेक नावे ओळखीवाचून पडली आहेत. मराठी लेखकांना माझे सांगणे आहे की त्यांतले एक नाव उचला, आणि राजाने काय जिंकले यापेक्षा कोणी काय सोडले ते लिहा. आणि वाचकांनी तोवर ‘पोन्नियिन सेल्वन’चे पाचही भाग, इंग्रजीतून का होईना, पण सलग वाचावेत. मोठेपणाची आपली कल्पना तपासायला लावणारी त्या तोडीची दुसरी ऐतिहासिक कादंबरी भारतीय भाषांत मी वाचलेली नाही.