खलनायकालाही बोली हवी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेजवळच्या स्पिडल या गावात, 'रोस ना रून' नावाची मालिका गेली जवळपास तीस वर्षं चित्रित होते आहे. भाषा आयरिश. एक काल्पनिक खेडं, त्यातला पब, दुकान, भाऊबंदकी, लफडी, मधूनच एखादा खून. 31 ऑक्टोबर 1996 रोजी आयरिशची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, तिचं आजचं नाव टीजी फोर. ही मालिका पहिल्यापासून त्या वाहिनीचा कणा आहे. वाहिनी मात्र सरकारनं सुखासुखी दिली नाही. लोकांनी टीव्हीचा परवाना भरायला नकार दिला, काही तुरुंगात गेले, आणि 1987 साली रोस मुक गावातून चोरटं प्रक्षेपणसुद्धा करून दाखवलं.

खानदेशातल्या मुक्ताईनगरच्या माणसाला याचं काय? दोन आकडे पाहा. आयर्लंडच्या 2022 च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे सुमारे 18 लाख 74 हजार निघाले. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत अहिराणीसकट 'खानदेशी'ची नोंद सुमारे 18 लाख 60 हजार. वर लेवा गणबोली, म्हणजे आमची तावडी, निराळीच. तिला रकाना नसल्यानं ती मराठीत जमा होते. पण तिकडच्या पावणेएकोणीस लाखांत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम 72 हजार. आपली बोली घरात, मळ्यात, बाजारात सकाळपासून चालू असते. त्यांच्याकडे बोलणारी माणसं कमी आणि मालिका आहे. आपल्याकडे माणसं आहेत, मालिका नाही.

मराठी वाहिन्यांना बोलींचं वावडं आहे असं म्हणता येणार नाही. 2016 या एकाच वर्षात 'रात्रीस खेळ चाले' मालवणी घेऊन आली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरी, आणि 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरकडची. पण राधिकाची बोली हीच नवऱ्याच्या नजरेतली तिची उणीव. ती साधी, म्हणून बोली बोलते. बोली बोलते, म्हणून गावंढळ. एरवीही बोली बहुधा फोडणीपुरतीच असते. गडी, आजी, विनोदी मामा बोलीत बोलतात. डॉक्टर आला की प्रमाण मराठी सुरू.

'रोस ना रून'मध्ये डॉक्टर, पोलीस, रिकामटेकडे, प्रेमात पडलेली पोरं, सगळी आयरिशच बोलतात. समलिंगी जोडपं आणि बायकोला मारणारा नवराही त्याच भाषेत आले. मला यातच त्या मालिकेचं मोठेपण दिसतं. ज्या भाषेत लबाडी करता येत नाही, घटस्फोट मागता येत नाही, ती भाषा पूजेला ठेवलेली असते.

खानदेशात हे साहित्यानं केव्हाच दाखवलं. असोद्याच्या बहिणाबाईंनी लेवा गणबोलीत मरणाबद्दल आणि देवाबद्दल लिहिलं. त्यांच्या स्मृतिदिनी, 3 डिसेंबरला, लेवा गणबोली दिन साजरा होतो. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांनी ती कादंबरीत नेली. अलीकडे यूट्यूबवर 'हाई झुमकावाली पोर'सारख्या अहिराणी गाण्यांनी लग्नाच्या वराती काबीज केल्या. म्हणजे प्रेक्षक आहे, फोन आहे, कॅमेरा आहे. गाण्याला आणि हशाला बोली चालते. मालिकेइतकी लांबलचक, गंभीर गोष्ट मात्र तिच्यात सांगायला कोणी धजत नाही.

हरकत ठरलेली आहे: कोणती बोली? रावेर-यावलची लेवा की साक्री-शिरपूरची अहिराणी? गुजरी, तडवी, पावरी कुठे ठेवायची? स्पिडलवाल्यांनी हा वाद घातलाच नाही. त्यांच्या गावात कॉनेमारा, डोनेगॉल आणि केरीची माणसं आपापल्या आयरिशमध्ये भांडतात, आणि पडद्यावर इंग्रजी उपशीर्षकं उमटतात. मुक्ताईनगरच्या एसटी स्टँडवर घटकाभर उभे राहा. रावेरकडची लेवा, मलकापूरकडची वऱ्हाडी, बऱ्हाणपूरची हिंदी, धुळ्याहून बदलून आलेल्या कारकुनाची अहिराणी. दुभाष्या कोणालाच लागत नाही. एदलाबाद म्हणत तेव्हापासून हे गाव सरहद्दीवरचंच.

मालिकेनं भाषा वाचते, असा माझा दावा नाही; 72 हजारांचा आकडा तसं म्हणू देणार नाही. पण स्पिडलमध्ये लेखक, नट, सुतार, रंगभूषाकार यांना गावात राहून, गावच्या भाषेत पगार मिळतो. आमच्या पोरांना नट व्हायचं तर आधी मुंबई गाठावी लागते आणि तिथे पहिली पुसावी लागते ती जिभेवरची बोली.

कथानकाची इथे टंचाई नाही. केळीचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक, व्यापाऱ्याची कटती, विम्याचे पंचनामे, सुरतेला गेलेला धाकटा, शेतकरी नवरा नको म्हणणारी मुलगी, आषाढीला मुक्ताईच्या पालखीत मान कोणाचा यावरून फुगलेले दोन चुलते.

तेव्हा सह्याद्री वाहिनीनं आठवड्याचा अर्धा तास खानदेशाला द्यावा. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी घाम गाळणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मंडळींनी संहिता लिहाव्यात, आणि चित्रीकरण गोरेगावला नको, तापीकाठीच व्हावं. आणि एवढं करा: पहिल्या भागात पैसे खाणारा तलाठी दाखवाल, तर त्यालाही तावडीच बोलू द्या.